मार्क २ अँबॅसडर: दिवसा ठणठणीत, रात्री दिवे मंद. करंट नेमका कुठं मुरतो?

लक्षणं आधी सांगतो. ज्याच्या दारात जुनी अँबॅसडर उभी आहे त्याला ती लगेच ओळखू येतील. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. दिवसभर परभणी, गंगाखेड, परळी कितीही फिरवा, तक्रार नाही. संध्याकाळी हेडलाइट लावले की पहिली पंधरा-वीस मिनिटं उजेड बरा पडतो, मग तो पिवळा होत जातो आणि अर्ध्या तासात कंदिलावर येतो. चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझलेला असायला हवा, तो काजव्यासारखा मिणमिणतो. ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाइट उगाच उजळतात. इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा दिवाही त्याच्या तालावर उघडझाप करतो. चहाला थांबून गाडी बंद केली तर पुन्हा सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्’. बॅटरी बदलली की महिनाभर सगळं सुरळीत, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या अण्णांची १९६९ची मार्क २ अशीच वागत होती. बरीच वर्षं ती शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती. बाहेर काढली, डेंटिंग-पेंटिंग केलं, सीटा शिवून घेतल्या, इंजिन उघडून बसवलं. गाडी आरशासारखी चमकायला लागली आणि त्याच दिवसापासून वायरिंगचा त्रास सुरू झाला. हे ‘त्याच दिवसापासून’ फार महत्त्वाचं आहे. शेडमध्ये जायच्या आधी, धुळीने माखलेली असतानाही तिचे दिवे नीट लागत होते. तेव्हा मी या गोष्टीकडे लक्ष दिलं नाही. दोन हिवाळ्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या, डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) भरून, म्हणजे रिवाइंड करून घेतला आणि उजेड कमी पडतो म्हणून एका गॅरेजच्या सल्ल्याने १००/९० वॅटचे (वरचा दिवा १००, डिपर ९०) बल्ब टाकले. यातल्या एकाही गोष्टीने दोष गेला नाही. दुसऱ्या बॅटरीने आणि मोठ्या बल्बांनी तर तो वाढलाच, तो कसा ते पुढे येईल.

माझा धंदा शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचा. आमच्याकडे ही तक्रार रोजची: विहीर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, केबल बारीक. मोटार बंद असताना मीटर लावा, व्होल्टेज पुरेपूर दिसतं. स्टार्टर दाबला की मोटार गुरगुरते, पण उचलत नाही. शेतकरी मोटार काढून दुकानात आणतो, कारण त्याला वाटतं ती जळाली. मोटार चांगली असते. व्होल्टेज वाटेतल्या केबलने आणि सैल जोडांनी खाल्लेलं असतं, आणि ते फक्त मोटारीचा भार चालू असतानाच मीटरवर दिसतं. भार काढला की मीटर पुन्हा पुरेपूर दाखवतं. हेच गणित गाडीच्या १२ व्होल्टलाही लागू आहे, किंबहुना जास्त कडकपणे. ४१५ व्होल्टमधले दोन व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही. १२मधले दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. बल्बचा प्रकाश तर व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की प्रकाश जवळजवळ तीस टक्के कमी होतो.

हे मला उमगलं ते मोंढ्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांमुळे. तिसरी बॅटरी घ्यायच्या बेतात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी बॉनेट उघडलं, नव्या रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “भाऊ, ब्याटरी को हात मत लगाओ. पैले अर्थिंग देखो. पूरी गाडी को रंग मार दिये तुम.”

रंग म्हणजे इन्सुलेशन. एवढीच गोष्ट होती.

जुन्या गाडीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. परतीची तार म्हणजे गाडीची बॉडी. हेडलाइटची वाटी, मागच्या दिव्याचं घर, रेग्युलेटरचा (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा) डबा, बॅटरीची पट्टी, हे सगळं जिथं पत्र्याला टेकतं तिथूनच करंट परत जातो. आमच्या पेंटरने काम मन लावून केलं होतं. प्रायमर, पुट्टी, रंग, वर लॅकर. प्रत्येक बोल्टाच्या खाली, प्रत्येक स्क्रूच्या भोकात रंग गेला होता. परतीचा रस्ता आम्हीच बंद केला होता. स्क्रूच्या आट्यांनी रंग खरवडून जेवढा पत्रा उघडा पडला तेवढ्यावर सगळा कारभार चालू होता. गाडी थंड असताना तो कसाबसा चालायचा. तापल्यावर, हादरे बसल्यावर तेवढाही राहायचा नाही.

मीटर धरण्याआधी दोन गोष्टी

पहिली: आपल्या गाडीत बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक आहे ते बघा. अँबॅसडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, आणि त्या काळच्या इंग्लिश पद्धतीप्रमाणे आमच्या गाडीत प्लस बॉडीला आहे. आजचा कोणताही पोरगा बॅटरी बसवताना सवयीने मायनस बॉडीला लावतो. आमची दुसरी बॅटरी अशीच उलटी बसली. दिवे, हॉर्न, सेल्फ यांना उलट-सुलट काही फरक पडत नाही, त्यामुळे गाडी चालू होते आणि सगळं ठीक वाटतं. पण डायनामोच्या पोलांमध्ये जुन्या दिशेचं चुंबकत्व शिल्लक असतं. तो आपल्या जुन्या दिशेनेच व्होल्टेज तयार करतो. कटआउटची (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचची) कॉइल दिशा ओळखत नाही, ती पॉइंट जोडून टाकते आणि डायनामो व बॅटरी एकमेकांच्या विरोधात भिडतात. पॉइंट जळतात, कधी चिकटून बसतात. आमच्या कटआउटच्या पॉइंटवर पडलेले खड्डे तिथलेच. बॅटरी पुन्हा सरळ केली तरी खड्डे तसेच राहतात आणि पुढे कित्येक महिने तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता.

बॅटरी काढताना बॉडीकडचं टोक आधी काढा, जोडताना ते शेवटी जोडा. म्हणजे दुसऱ्या टोकावर काम करताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लुकास (गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी इंग्लिश कंपनी) पद्धतीच्या या वायरिंगमध्ये फ्यूज फक्त दोन. एकावर हॉर्नसारख्या कायम करंट असलेल्या गोष्टी, दुसऱ्यावर चावी फिरवल्यावर चालणाऱ्या: वायपर, ब्रेक लाइट, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा. हेडलाइट आणि इग्निशन यांना फ्यूजच नाही. बॅटरीपासून निघणारी तपकिरी तार लाइटच्या स्विचपर्यंत बिनफ्यूज जाते. ती उंदराने कुरतडली असेल आणि पत्र्याला लागली, तर वितळून करंट तोडणारं काही नाही, जळणारंच आहे. शेडमधून काढलेल्या गाडीला थेट बॅटरी लावू नका.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. बॅटरीचं एक टोक सरळ न जोडता मध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घाला. कुठं शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो, पण त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, म्हणून तार जळत नाही. बल्ब पेटलेला ठेवून एकेक तार हलवत जा. जिथं हलवल्यावर बल्ब विझतो तिथं शॉर्ट. आमच्या गाडीत तो डिकीकडे जाणाऱ्या जुडग्यात, मागच्या सीटखाली सापडला. सोयाबीनचं टरफल आणि कुरतडलेल्या कापडी विणीचा भुसा तिथं एकत्र पडला होता. मूळ वायरिंग कापडी विणीचं, आत रबर. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत रबर बिस्किटासारखं होतं. वाकवलं की तुकडे पडतात. अशी तार टेप गुंडाळून वाचवता येत नाही, बदलावीच लागते.

बदलताना मूळ रंग पाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायम करंट. पांढरी म्हणजे चावीनंतरचा. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेला. निळ्या घराण्यातल्या हेडलाइटच्या: निळी-पांढरी वरच्या दिव्याची, निळी-लाल डिपरची. लाल पार्किंगची. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. काळी म्हणजे अर्थ. सगळीकडे लाल तारच ओढून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पुढच्या माणसाला त्यात काही म्हणजे काही कळत नाही.

भार चालू ठेवून मोजणी

आता मूळ काम. हेडलाइट लावा, इंजिन बंद ठेवा, आणि मीटर २० व्होल्टवर ठेवून प्रत्येक टप्प्याच्या दोन बाजूंना टोकं लावा. बॅटरी ते बल्ब एकदम मोजायचं नाही, वाटेतला प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. चांगल्या जोडाच्या दोन बाजूंना शून्याच्या जवळ आकडा येतो. जिथं आकडा येतो तिथं व्होल्टेज खाल्लं जातंय. दिवे बंद ठेवून मोजलं तर एका तंतूवर लटकलेली तारसुद्धा मीटरला पुरे १२ दाखवते. ही चूक मी चांगले इलेक्ट्रिशियन करताना पाहिली आहे.

आमचे आकडे असे आले. दिवे चालू असताना बॅटरीच्या खांबांवर १२.२, डाव्या बल्बच्या दोन टोकांवर फक्त १०.१. म्हणजे २.१ व्होल्ट वाटेत. तपकिरी तार आणि लाइटचा स्विच मिळून ०.५. पायाने दाबायचा डिपर स्विच ०.६. पुढच्या बुलेट जोडांमध्ये (गोळीसारख्या टोकाच्या तारांच्या जोडांमध्ये) ०.३. आणि परतीच्या बाजूला, म्हणजे बल्बच्या घरापासून बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबापर्यंत, ०.७. एकही आकडा एवढा मोठा नव्हता की बघणाऱ्याने ‘हाच दोष’ म्हणून बोट ठेवावं. म्हणूनच तो इतके दिवस सापडला नाही. पाणी एका ठिकाणी मुरत नव्हतं, चार ठिकाणी थोडं थोडं मुरत होतं.

मापासाठी लक्षात ठेवा: जाण्याच्या बाजूला सगळं मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत, परतीच्या बाजूला ०.२च्या आत. मीटरचं टोक बॅटरीच्या क्लँपला नाही, शिशाच्या खांबाला लावा. कधीकधी दोष क्लँप आणि खांबाच्या मध्येच असतो.

परतीचे जोड आधी घेतले. बॅटरीची पट्टी जिथं बॉडीला येते तिथला रंग पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, जोड कसल्यावर बाहेरून. हेडलाइटच्या वाट्या, मागच्या दिव्यांची घरं, नंबरप्लेटचा दिवा, रेग्युलेटरचा डबा, सगळीकडे हेच. दिव्यांना मी रंगावर अवलंबून ठेवलंच नाही. प्रत्येक घरातून काळी तार काढून एकाच ठिकाणी, बॉडीच्या एका स्वच्छ बोल्टावर आणली. गाडी नव्याने रंगवणार असाल तर हे आधीच करून घ्या. पेंटरकडे देण्याआधी अर्थच्या जागांवर चिकटपट्टी लावून द्या, किंवा त्या जागांचे फोटो काढून ठेवा. नंतर चमकत्या रंगावर पॉलिश पेपर चालवताना हात थरथरतो.

ब्रेक आणि पार्किंगचा गोंधळही इथंच मिटला. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा (फिलामेंट) असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची टेलची. दोघींची परतीची वाट एकच, दिव्याचं घर. ती वाट रंगाने बंद झाली की ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो. तो टेलच्या तारेतून उलटा जातो, पार्किंगच्या लाल तारेवर चढतो आणि पुढच्या पार्किंग लाइटमधून बॉडीला मिळतो. म्हणून ब्रेक मागे दाबला की दिवा पुढे लागतो. इंडिकेटरच्या तालावर टेलचा दिवा नाचायचा तोही याच कारणाने. असं दिसलं की स्विच, फ्लॅशर काही उघडू नका, सरळ त्या दिव्याच्या घराचा अर्थ बघा. पटकन खात्री करायची तर तारेचा एक तुकडा दिव्याच्या घराला आणि दुसरं टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबाला धरा. गोंधळ थांबला तर दोष सापडला.

सेल्फचं ‘टक्’ वेगळं मोजलं. इग्निशनची तार काढून ठेवून सेल्फ मारायचा, आणि मीटर इंजिनच्या ब्लॉकवर व बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबावर. आमच्याकडे दीड व्होल्टच्या वर आकडा गेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलंच असतं. मध्ये विणलेल्या तांब्याची पट्टी असते. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ती पट्टी कुणीतरी परत लावली नव्हती. मग सेल्फचा शंभराहून जास्त अँपिअर करंट परत जाणार कुठून? चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागत असेल तर दुसरं काहीही तपासण्याआधी ही पट्टी शोधा. केबलचं आवरण लाल होऊन पेटल्याच्या घटना घडतात. पट्टी बाजारात सहज मिळते, दोन्ही टोकं घासून लावायला अर्धा तास लागतो.

डिपर स्विच उघडला तर आत काळ्या मातीचा थर. चटईखाली, डाव्या पायाशी बसलेला तो स्विच. पावसाळ्यातले चिखलाचे बूट वर्षानुवर्षं त्याच्यावर. घासून वापरला, पण स्प्रिंग मऊ पडली होती, शेवटी बदलला. बुलेट जोड सगळे काढून टाकले आणि नवे क्रिंप करून बसवले. एक सांगायचं राहिलं: साधी पीव्हीसी टेप आमच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली टिकत नाही. तिचा गोंद वितळून ती उलगडते आणि मागे चिकट घाण ठेवते. उष्णतेने आवळणारी नळी वापरा.

डायनामोचं गणित

तरीही अर्ध्या तासाने उजेड उतरण्याचं पूर्ण उत्तर अर्थिंगमध्ये नव्हतं. ते बेरजेत होतं. आमच्या गाडीतला लुकास सी ४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअरच्या आसपास देतो, तेही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना. १००/९०चे दोन बल्ब वरच्या दिव्याला २०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेसोळा अँपिअरच्या पुढे. पार्किंग, टेल, डॅशबोर्ड मिळून अडीच. इग्निशन कॉइल तीनच्या आसपास. झाले की २२. गाडी सिंगल रोडवर ऊसाच्या ट्रॅक्टरमागे ताशी तीसने चालली असेल तर डायनामो त्याच्या निम्मंही देत नाही, बाकीचा भार बॅटरीतून जातो. उजेड कमी म्हणून मोठे बल्ब टाकले, मोठ्या बल्बांनी जास्त करंट ओढला, जास्त करंटमुळे त्याच खराब जोडांमध्ये जास्त व्होल्टेज पडलं आणि उजेड पुन्हा कमी झाला. ६०/५५चे बल्ब परत टाकल्यावर बेरीज साडेपंधराच्या आसपास आली.

डायनामो भरून घेण्याआधी त्याची चाचणी करायला हवी होती. ती दहा मिनिटांची आहे. डायनामोवरच्या डी (करंट बाहेर देणारी) आणि एफ (फील्ड कॉइलची) दोन्ही तारा काढा, दोन्ही टर्मिनल एका उघड्या तारेने एकमेकांना जोडा, मीटर त्या जोडावर आणि डायनामोच्या अंगावर लावा. इंजिन मंद चालू करून हळूच फेऱ्या वाढवा. व्होल्टेज न अडखळता चढत गेलं पाहिजे. ते २०पर्यंत जाऊ देऊ नका आणि इंजिन जोरात पळवू नका. काहीच आकडा नाही तर आधी ब्रश बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल (आतली स्थिर गुंडाळी) संशयित. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी). भरून आलेला आमचा डायनामो या चाचणीत उत्तम निघाला आणि माझा अंदाज आहे की तो आधीही उत्तमच होता. फॅन बेल्ट मात्र ढिला होता.

गाडी बरीच वर्षं उभी असेल किंवा बॅटरी उलटी लागून गेली असेल तर डायनामोला दिशा द्यावी लागते. एफची तार काढून, बॅटरीच्या बॉडीकडे नसलेल्या टोकावरून एक तार त्या एफ टर्मिनलला क्षणभर दोनदा-तीनदा टेकवायची. टेकवायची, धरून ठेवायची नाही.

कटआउटच्या जळक्या पॉइंटमुळे लाल दिवा मिणमिणत होता. हा दिवा डायनामोची डी बाजू आणि चावीनंतरची पांढरी तार यांच्या मध्ये असतो. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असलं की तो विझतो. पॉइंटमध्ये किंवा स्विचकडच्या तारेत व्होल्टेज पडलं की दोन बाजूंत फरक येतो आणि दिवा मंद पेटतो. म्हणून रात्री हेडलाइट लावल्यावर लाल दिवा मिणमिणला तर ‘डायनामो गेला’ असं लगेच म्हणू नका, आधी मधला फरक मोजा. कटआउटचे पॉइंट बारीक काचपेपरच्या पट्टीने घासा. एमरी पेपर तिथं वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. रेग्युलेटरच्या डब्यावरच्या ई (अर्थच्या) टर्मिनलचा जोड पक्का हवा, कारण कटआउट आणि रेग्युलेटर दोघांच्या कॉइलचा परतीचा रस्ता तोच आहे. आमचा डबा रंगलेल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी अडकवलेला होता. आता तिथून स्वतंत्र काळी तार आहे. रेग्युलेटरचे स्क्रू पिळून ‘चार्जिंग वाढवून’ देणारे भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर

हा वेगळा दोष, पण आमच्याकडे दोन्ही एकत्र आले होते. या गाडीत घड्याळ नाही, कॉम्प्युटर नाही. चावी काढल्यावर बॅटरीतून जाणारा करंट शून्य असायला हवा. बॅटरीच्या एका टोकात अँपिअरचं मीटर घालून पाहिलं तर ०.२ अँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं. दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६०ची बॅटरी आठ दिवसांत दोन तृतीयांश रिकामी. दोन्ही फ्यूज काढले, आकडा हलला नाही. कटआउटवरची डीची तार काढली, तरी नाही. लाइटच्या स्विचवरची तपकिरी तार काढली आणि मीटर शून्यावर आलं. स्विच हाताला कोमट लागत होता. आतल्या बॅकेलाइटवर जळून कोळशाची रेघ तयार झाली होती आणि करंट तिच्यावरून रात्रंदिवस पार्किंगच्या बाजूला झिरपत होता. हाच तो स्विच, ज्याच्यात हेडलाइटचं अर्धा व्होल्ट जात होतं. तो बदलल्यावर दोन्ही गोष्टी एकदम सुटल्या.

हेडलाइटला दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले, आणि त्याबद्दल मला अजिबात खंत नाही. मूळपणा जपणारे मित्र नाराज झाले, पण नवा स्विच पुन्हा जळू द्यायचा नसेल तर त्याच्यातून १० अँपिअर न्यायचे नाहीत. आता जुन्या तारा फक्त रिले उचलतात. खरा करंट सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बॅटरी टोकावरून फ्यूजमधून, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने सरळ दिव्याकडे जातो. १ चौरस मिलिमीटरची तीन मीटर तार १० अँपिअरला अर्धा व्होल्ट खाते, २.५ची फक्त ०.२. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज ठेवा, म्हणजे घाटात एकदम अंधार होणार नाही. प्लस बॉडीला असेल तर डायोड नसलेले साधे रिले घ्या. डायोडवाले उलट्या दिशेला चालत नाहीत. रिले ग्रिलच्या मागे दिसणार नाहीत असे बसवता येतात.

मूळ काचेच्या फ्यूजबद्दल एक धोका सांगायला हवा. लुकासच्या ३५ अँपिअरच्या फ्यूजवरचा ३५ हा उडायचा आकडा आहे, सतत वाहायचा आकडा त्याच्या निम्मा, साडेसतरा. आज दुकानात ३५ लिहिलेला दुसऱ्या पद्धतीचा फ्यूज घेतला तर तो ३५ सतत वाहू देतो आणि तोवर तार गेलेली असते. १५ किंवा २०चा घ्या. आमच्या पेटीत तर एका जागी तांब्याची जाड तार पिळलेली होती. ती कुणी आणि कधी घातली, देव जाणे.

परवा अमावास्येच्या आसपास परळीहून रात्री निघालो. गंगाखेडचा गोदावरीवरचा पूल ओलांडून परभणीपर्यंत हेडलाइट सलग चालू होते. घरी आल्यावर इंजिन बंद करून दिवे तसेच ठेवले आणि मीटर लावलं: बॅटरीवर १२.३, डाव्या बल्बवर ११.९, उजव्यावर ११.८. लाल दिवा वाटेत एकदाही मिणमिणला नाही. हे आकडे तारखेसह कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. उजव्या बाजूचा तो ०.१ वाटीच्या अर्थमध्ये आहे, पावसाळ्याआधी तिथली काळी तार पुन्हा क्रिंप करायची आहे.